ठमाबाईचा ढीग

सणसरच्या शिवारात ठमाबाई कोळेकरणीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बारामतीच्या बाजारात ती भाजीची पाटी घेऊन बसे. गिऱ्हाईक भेंडी उचलून तिचं शेपूट मोडून बघे, आणि कोवळी असूनसुद्धा परत पाटीत टाके. मग ठमाबाई अशी काही सुरू होई, की शेजारची मिरचीवाली आपली पाटी दोन हात लांब सरकवून घेई. "शेपूट मोडलंस नव्हं? आता पोरासारखं नाव ठिवून घरी ने!" गिऱ्हाईक हसत हसत भेंडी घेऊन जाई. कारण ठमाबाईची भेंडी खरोखरच चांगली असे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा अर्धा तोरा या ठाऊक असण्याचाच होता.

तोरा मिरवायला तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय? लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या, आबाजीच्या, मागं मेंढरांचं खांड होतं आणि माळावर दीड एकराचा एक तुकडा. तुकडा कसला, नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. दिवाळी झाली की दोघं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची. वाटेत लोकांच्या रानात मेंढरं बसवायची. ज्याच्या रानात मेंढरं बसली त्याला लेंडीखत मिळायचं आणि यांना पायलीभर धान्य. असं मुलखाचं रान काळंभोर करत ही माणसं हिंडली. पाऊसकाळाच्या तोंडाला परत आली की मग वाघर, म्हणजे ते जाळ्याचं कुंपण, स्वतःच्या मुरमावर लागायचं. आज इथं, उद्या चार पावलं पुढं. वर्षामागून वर्षं असं चाललं. मुरमावर आधी राखाडी पापुद्रा आला, मग बोटभर माती आली, मग वीतभर. आबाजी बोलायचा कमी, पण पाहुणे आले की तेवढं सांगायचा, "ही जमीन बापानं दिली न्हाय, सरकारनं दिली न्हाय. मेंढरांनी हागून दिलीया."

पुढं कालव्याच्या पाण्यावर सगळीकडं ऊस झाला, चरायला माळ उरला नाही आणि खांड विकावं लागलं. विहिरीला पाणी होतं म्हणून ठमाबाईनं भाजीपाला धरला. विहिरीखालचा पट्टा सगळ्यात जाड मातीचा. तिथं तिची मेथी, तिथंच वांगी आणि भेंडी. मेंढरं गेली तसं एक मात्र तिला सलू लागलं. खात बसलो तर माती किती दिवस पुरणार? लेंडी आता आणायची कुठून? साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला काळा गाळ, निघे, ती ऊसवाल्या सभासदांच्या रानात जाई. मळी पडलेलं रान कसं उठतं हे ती बांधावरून बघे आणि घरी येऊन भांडी आदळी. भाजीवालीला कोण मळी देतो?

म्हणून पंचाण्णवच्या उन्हाळ्यात कुंडलिक ट्रॅक्टर घेऊन दारात आला तेव्हा तिला देवच पावल्यासारखं झालं. कुंडलिक गावातलाच, भाड्यानं ट्रॅक्टर-ट्रॉली चालवणारा, गोड बोलून काम काढणारा.

"काकी, कारखान्याची मळी हाय. टाकू का रानात?"

"आमी कुठलं सभासद?"

"सभासद-बिभासद काय न्हाय. बारामतीकडच्या कारखान्यातनं उचलायचीय. जागा मोकळी करून पायजेल त्यास्नी. फुकट. डिझेलसुदिक मागत न्हाय."

ठमाबाई काही भोळी नव्हती. फुकट म्हटल्यावर ती ट्रॉलीवर चढली, मूठभर काळा गाळ उचलला आणि बोटांत चोळला. बोटं तेलकट झाली. आणि इथंच ती फसली. आपल्याकडं शेंगपेंड घेताना बाया काय बघतात? बोटाला तेल लागतं का ते बघतात. तेल लागलं तर पेंड कसाची, कोरडी लागली तर भुसा भरलेला. हा हिशेब तिच्या हाडात मुरलेला. साखर कारखान्याची मळी गरम येते, वाफाळते, आंबूस वास मारते. ही गार होती आणि वास रॉकेलच्या जवळचा होता, हे तिच्या नाकाला कळलं होतं. पण बोटांनी नाकाचं ऐकलं नाही.

"कस हाय की रं हिला!" ती खूष होऊन म्हणाली. एवढ्यावर थांबली नाही. शेजारचा बांधावर येऊन 'मला पण एक ट्रॉली' म्हणू लागला, तर त्याला तिनं शिव्या घालून हुसकावला. सगळ्या रानाला पुरणार नाही हे दिसत होतं, म्हणून आलेल्या सगळ्या ट्रॉल्या तिनं आपल्या सगळ्यात लाडक्या जागी, विहिरीखालच्या पट्ट्यात, रिकाम्या करून घेतल्या. स्वतः फावडं घेऊन पसरल्या. बैलांनी नांगरून मातीत कालवून घेतल्या.

त्या वर्षी मेथी उगवली आणि दोन पानांवर बसून राहिली. मग पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळंफटक. बी खराब असेल म्हणून तिनं पुन्हा पेरली. पुन्हा तेच. वांग्याची रोपं लावली, ती उपटून बघितली तर मुळ्या आखूड, तांबूस, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. पाणी सोडलं की वाफ्यात मुरायचं नाही. वर तवंग धरून उभं राहायचं, त्यावर रंग फिरायचे, आणि मग सगळं पाणी खालच्या वाफ्यांत निसटून जायचं. वर धूळ ती धूळच. शेजारी म्हणाला, नजर लागली. नागेश, तिचा लेक, म्हणाला, खत जास्त झालं. मेथीच काय, त्या पट्ट्यात हराळीसुद्धा फुटेना. ज्या हराळीपायी तिनं जन्मभर कंबर मोडून घेतली, ती हराळी मेलेली बघून ठमाबाईनं पहिल्यांदा खुरपं खाली ठेवलं.

नागेशनं माती तपासायला दिली. तपासणी केंद्रातून आलेला कागद त्यानं वाचून दाखवला. आम्ल बरोबर, पालाश बरोबर, आणि सेंद्रिय कर्ब भरपूर. शिफारस काय, तर युरिया टाका.

"म्हंजे?" ठमाबाईनं विचारलं.

"म्हंजे जमीन चांगली हाय."

"मग त्या कागदावर मेथी लावू का?"

त्या केंद्रात जे तपासत होते ते त्यांनी तपासलं. त्या गाळात जळकं ऑइल आणि धातू होते, हे पुढं कळलं; पण ऑइलसुद्धा त्यांच्या बाटलीला कर्बच. धातू तपासायला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांच्याकडं ती सोय नव्हती. पण 'आम्ही एवढंच बघितलं, बाकीचं बघितलं नाही' एवढी एक ओळ कागदावर लिहायला कुणाचं काय जात होतं?

आबाजीनं मग आपला इलाज काढला. त्याच्या चुलतभावाचं खांड वालचंदनगरच्या बाजूला उतरलं होतं. तो जाऊन मेंढरं घेऊन आला. "चार रोज बसवू. मेंढरानं न्हाय असं रान दुरुस्त व्हत न्हाय." मेंढरं बसली, लेंडी पडली, खांड पुढं गेलं. ठमाबाई रोज सकाळी जाऊन बघायची. खालच्या वाफ्यांत पडलेली लेंडी आठ-पंधरा दिवसांत फुटली, मातीत गेली, खाली किडे लागले. विहिरीखालच्या पट्ट्यातली लेंडी जशी पडली तशीच. वाळली, टणक झाली, आणि दाणे दाणे वर पसरून राहिले. तिनं खुरप्यानं उकरून बघितलं. एक गांडूळ नाही, एक वाळवी नाही, मुंगीची वाटसुद्धा पट्ट्याला वळसा घालून गेलेली. खायला कुणी उरलंच नव्हतं. आबाजी बांधावर उभा होता. मेंढराची लेंडी ज्या मातीत कुजत नाही ती माती मेली, हे धनगराला वेगळं सांगावं लागत नाही.

बाजाराच्या दिवशी तिनं पाटीत भाजीऐवजी त्या पट्ट्यातलं ढेकूळ घेतलं आणि कुंडलिकनं बोलता बोलता सांगितलेल्या खुणेवर औद्योगिक वसाहतीत गेली. उसाचं चिपाड नाही, गव्हाण नाही, बैलगाडी नाही. पत्र्याची शेड, तिला निळं फाटक. हा कारखाना बघून तिला आधी काही उमजेना. साखरेचा एक दाणा इथं तयार होत नव्हता. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर पिंपळीचा जोतीराम बसला होता. तो तिथंच कामाला होता आणि बाजारात तिच्याकडून भाजी घ्यायचा म्हणून ओळख. तिनं ढेकूळ त्याच्यापुढं धरलं. त्यानं नखानं टोकरलं, वास घेतला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"मावशी, हे कुठनं आणलंस?"

"माझ्या रानातनं."

"ही आमच्या टाक्यांची गाद हाय." त्याचा आवाज खाली आला. "सायकलच्या पार्टला, नळाला चकाकी देत्यात हितं. निकेल, क्रोम, जस्त. टाकीच्या तळाला जे बसतंय ते ह्ये. मशिनींचं जळकं ऑइल पण त्यातच वततात. मागं ढीग झालता. शेजारच्या शेडवाल्यानं बोंब मारली, मग मालकानं कुंडलिकला धरलं. खेपेला पैसं देतो त्याला."

"पैसं? मालक देतो?"

"मग काय फुकट उचलतोय व्हय तो?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं होतं कुंडलिकनं आपल्यावर उपकार केले. दिवाळीला तिनं त्याच्या घरी करंज्यांचं ताट पाठवलं होतं! आणि तो दोन्हीकडून जेवत होता. जोतीरामनं कप उचलला तेव्हा तिचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. बोटांच्या पेरांवर गोल गोल खड्डे पडलेले, कडा वर आलेल्या, मधे काळं. "ह्ये काय रं?" तर म्हणाला, "पाण्यात हात घालावा लागतो. नाकातनं पण येतं अधनंमधनं रगत. मालक मलम देतो." मलम देतो, हे त्यानं मालकाच्या चांगुलपणात जमा करून सांगितलं.

ती तशीच फाटकातून आत घुसली. मालक माणूस मोठा सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं, "बसा मावशी" म्हणाला. शिव्या घालायला गेलेल्या माणसाला कुणी खुर्ची दिली की निम्म्या शिव्या घशातच राहतात. सभ्य माणसांना हे चांगलं माहीत असतं.

"तुमच्या रानात टाका असं मी कुठं सांगितलं?" तो म्हणाला. "मी फक्त उचलून न्या म्हणालो. कुठं टाकायचं ते ट्रॅक्टरवाल्यानं बघायचं."

"आन् माझी माती?"

"माती आहे हो ती. दोन पावसाळे गेले की धुऊन निघेल. आणि मुलगा आहे ना तुम्हाला? पाठवून द्या. इथंच लावून घेतो, कायम."

"धुऊन कुठं जाईल?"

"अं?"

"धुऊन जाईल म्हणता. कुठं जाईल? खाली माझं वाफं हायती. त्याच्या खाली दुसऱ्याचं. मग वढा, मग वढ्याकाठच्या हिरी. कुणाच्या रांजणात जाईल ते सांगा की!"

मालकानं घड्याळात बघितलं. त्याला बाहेर जायचं होतं.

नागेशला नोकरी हवी होती. तरण्या वयाचा पोरगा, उन्हातान्हात मेथीच्या जुड्या बांधून कंटाळलेला. "आये, कायमची म्हणालं ते. एक पट्टा गेला तर गेला." त्यावर ठमाबाई जे बोलली ते इथं लिहिण्याजोगं नाही. मग तिनं त्याला बाजाराच्या दिवशी बरोबर नेलं आणि टपरीवर बसलेल्या जोतीरामचे हात दाखवले. नागेश गेला नाही, पण आईशी किती दिवस धड बोललाही नाही. गावात मात्र झालं की, पोराची चालून आलेली नोकरी या बाईच्या तोंडापायी गेली.

कुंडलिकला तिनं पारावर गाठला, चार माणसांत.

"मला काय ठावं काकी? कारखाना म्हणालं, मी कारखाना म्हणालो. गाळ म्हंजे खतच की."

"तुझ्या रानात किती वतलीस?"

कुंडलिकनं डोक्यावरची टोपी काढून झटकली.

"तुलाबी रान हाय. वढ्याकडंला हाय. खत फुकट हाय, ट्रॉली घरची हाय. सांग की मुडद्या, किती वतलीस?"

पारावरची माणसं कुंडलिककडं बघायला लागली आणि मग एकेक करून दुसरीकडं बघायला लागली. त्यांच्यातल्या दोघांच्या उसाची वाहतूक कुंडलिककडं होती. एकानं ठमाबाईलाच समजावलं, "जाऊ द्या वैनी, झालं ते झालं." झालं ते कुणाचं झालं, हे विचारायला ती पारावर थांबली नाही. बारामती, इंदापूर, इकडचा साहेब, तिकडचा साहेब, सगळीकडं जाऊन आली. हे आमच्याकडं येत नाही, असं सगळ्यांनी नीट समजावून सांगितलं.

शेवटी तिनं ठरवलं की पावसाआधी तो थर काढायचाच. एक पावसाळा कसाबसा निभला होता, पण आणखी एक आला असता तर खालच्या वाफ्यांचंही तेच झालं असतं. सगळा उन्हाळा तिघं त्या पट्ट्यात होती. कुदळीनं फोडायचं, फावड्यानं ओढायचं, घमेल्यानं वाहायचं. नुसती गाद काढता येईना, ती मातीत कालवलेली. म्हणजे आयुष्यभर मेंढरं बसवून साठवलेली वीतभर माती काढायची आणि खालचा मुरूम उघडा पाडायचा. आबाजी घमेलं उचलताना मधेच थांबायचा, माती हातात घेऊन बघायचा आणि परत टाकायचा. ठमाबाई रडली नाही. तिला इतका राग आला होता, की रडायला जागाच नव्हती. ती फावडं मारताना प्रत्येक घावाला कुणाचं तरी नाव घेत होती, आणि बऱ्याच घावांना स्वतःचं घेत होती. आपणच बोटाला तेल लावून कस बघितला ना!

कोपऱ्यातल्या उघड्या खडकावर ढीग वाढत गेला. बैलगाड्यांवर बैलगाड्या भरतील एवढा. आणि मग प्रश्न आला की हा टाकायचा कुठं? ओढ्यात टाकला तर ओढा विहिरींना पाणी देणार. माळावर टाकला तर तिथं अजून कुणाची शेरडं चरतात. खड्ड्यात पुरला तर खालून पाझरणार. ज्या जागेचं नाव घ्यावं तिथं कुणीतरी होतंच.

पावसाला थोडे दिवस उरले असताना कुंडलिक आला. पडलेलं तोंड, हात जोडलेले.

"काकी, माझं चुकलं. मी उचलतो सगळं. एक रुपाया नगं. फकस्त भरून द्या."

आबाजीला हायसं वाटलं. "ने बाबा," म्हणाला. नागेशनं न सांगता फावडं उचललं. ठमाबाईलाही ते हवंच होतं. एवढं अंग मोडून आल्यावर नजरेसमोरून ती काळी घाण जाणार, तर कुणाला नको असेल? पहिली ट्रॉली भरली. कुंडलिक ट्रॅक्टरवर चढला तेव्हा तिनं सहज विचारलं, "कुठं नेतूस?"

"काटेवाडीकडं एकाला पायजे. डाळिंबाचं खड्डं भरायचं हायती त्याला."

ठमाबाई ट्रॅक्टरच्या पुढं येऊन उभी राहिली. तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही, आणि म्हणूनच नागेशनं हातातलं फावडं खाली टाकलं.

"त्याला काय म्हणालास? खत म्हणालास?"

कुंडलिक हँडलवरची धूळ पुसायला लागला.

"त्येच्यात आता तुमची मातीच जास्त हाय काकी. मेंढराची माती."

"अगं, जाऊ दे की," आबाजी कळवळून म्हणाला. "आपल्या दारातनं तर जाईल."

"त्या मालकानं बी ह्येच म्हटलं आसंल," ती म्हणाली. "ह्येच. आमच्या दारातनं तर जाईल. आन् ते माझ्या दारात आलं!"

ती ट्रॉलीवर चढली आणि त्या ढेकळांवर मांडी घालून बसली. "चल. जितनं आणलंस तितं चल. मी बघते कुठं उतरवतूस ते." कुंडलिकनं बरीच आदळआपट केली, पण पारावरचा प्रसंग लोकांच्या ध्यानात होता आणि आता निम्मं शिवार बांधावर येऊन उभं राहिलं होतं. ट्रॅक्टर निघाला. सणसरहून बारामतीपर्यंत रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. ट्रॉलीभर काळी माती, वर डोक्यावर पदर घट्ट ओढून बसलेली म्हातारी, आणि तोंडाचा पट्टा चालू.

निळं फाटक बंद होतं. वॉचमननं आत जाऊन विचारलं, येऊन सांगितलं, "आमचा माल न्हाय म्हणतात." तिनं फाटक बडवलं. आतून यंत्रांचा आवाज येत होता, तो बंद झाला नाही. जोतीराम खिडकीशी आला, तिला बघितलं आणि आत गेला. त्याला पोरंबाळं होती. ऊन कलेपर्यंत ती फाटकासमोर ट्रॉलीत बसून राहिली. मालकाची गाडी दुसऱ्या फाटकानं निघून गेली हे तिला टपरीवाल्यानं सांगितलं.

परत येताना कुंडलिकनं एका खाणीच्या खड्ड्याजवळ ट्रॅक्टर उभा केला. "काकी, हितं उलटवू. कोण बघतंय?"

"मी बघतीया," ठमाबाई म्हणाली. "चल पुढं."

ट्रॉली परत तिच्याच रानात, त्याच खडकावर रिकामी झाली. ढिगाभोवती तिनं दगडाची ताल, म्हणजे बुटका बांध, रचली, वरून बोरी-बाभळीच्या फांद्या अंथरल्या, आणि पाणी आत शिरू नये म्हणून चर खणला. दर पावसाळ्याआधी ती ताल पुन्हा नीट करायची. खालचे वाफे वाचले. तिथं मेथी येत राहिली, भेंडी येत राहिली, ती पाटी घेऊन बाजारात बसत राहिली. विहिरीखालच्या पट्ट्यात मात्र पुन्हा मुरूम. तिथं आबाजीनं चुलतभावाच्या हातापाया पडून वर्षातून चार दिवस मेंढरं बसवायला सुरुवात केली. वीतभर माती व्हायला किती वर्षं लागतात हे त्याला माहीत होतं, आणि आपण किती वर्षांचे सोबती आहोत हेही माहीत होतं.

पुढच्या पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत निळ्या फाटकाच्या मालकाचा सत्कार झाला. त्यानं शाळेला पंखे दिले होते. शाल, नारळ, आणि गळ्यात हार. 'दानशूर' हा शब्द लाउडस्पीकरवरून थेट तिच्या रानापर्यंत ऐकू आला. ती त्या वेळी चरातला गाळ काढत होती.

आणि मग माणसं येऊ लागली. लांबच्या गावांतली, ज्यांना काही ठाऊक नव्हतं ती. रस्त्यावरून जाताना त्यांना बाभळीच्या फांद्यांतून तो काळा, चकाकणारा, जुना ढीग दिसायचा आणि ट्रॅक्टर थांबायचा. एक जण तर रिकामी ट्रॉली जोडूनच आला. चांगला, कष्टाळू माणूस, टाचांना भेगा पडलेल्या. त्यानं ढिगाची मूठ उचलली आणि बोटांत चोळली.

"कस हाय की हो मावशी! एक ट्रॉली द्या. इकत द्या, फुकट नगं."

"न्हाय. त्यात इख हाय."

"इख?" तो हसला. "मग एवढं कुंपण घालून कशाला राखलंया?"

तिनं सांगितलं. निकेल सांगितलं, ऑइल सांगितलं, मेलेली हराळी सांगितली, जोतीरामची बोटं सांगितली. तो ऐकत होता, पण त्याची नजर बोटावरच्या तेलावर होती. ठमाबाईनं ती नजर ओळखली. तिनं त्याचा हात धरला आणि आपल्या पदराला खसाखसा पुसला, लेकराचा पुसावा तसा. माणूस ओशाळला, मग चिडला. ट्रॅक्टर चालू करत म्हणाला, "नसंल द्यायचं तर न्हाय म्हणावं सरळ. ढीगभर खत कुजत पडलंय आन् गरिबाला पाटीभर द्यायला जीव जातोय. गावात सांगत्यात ते खोटं न्हाय. चिक्कू बाई!"

ट्रॅक्टर रस्त्याला लागला. ठमाबाई बांधावर चढली आणि त्याच्यामागं, बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "दे शिव्या! गावभर दे! पर रिकामाच जा!"